पडद्यावरची ताई

दि. ४ जानेवारी १९६७

ती. ताईस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर मिळालं. शिपाईणबाईंनी ते नेहमीप्रमाणे हजेरीपटात सरकवून वर्गात आणून दिलं आणि मी नेहमीप्रमाणे मुलींना शुद्धलेखन घालून ते वाचून काढलं. मुली आता शहाण्या झाल्यात. हजेरीपट जाड दिसला की आपणहून वह्या उघडतात.

बातमी चांगली नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. अप्पांचा उजवा डोळाही गेला. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले की यापुढे उजेड आणि काळोख एवढाच फरक कळेल. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या वेलांट्या आणि अनुस्वार शोधण्यात डोळे झिजवले, आणि आता ताटात काय वाढलंय तेही विचारावं लागतं. विचारत नाहीत, चाचपून बघतात. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत बसून असतात. मी शाळेतून आले की पावलांवरून ओळखतात, आणि पिशवी जड आहे की हलकी तेसुद्धा सांगतात.

खरी सांगायची गोष्ट पुढेच आहे. परवा सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होते. सिनेमाच्या जाहिरातींचं पान मी नेहमी गाळते, तुला माहीतच आहे. ते म्हणाले, एक पान गाळलंस, कागद दोनदा उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, त्यात ती असते का? ताई, तू घर सोडल्याला नऊ वर्षं झाली. तेवढ्या काळात त्यांनी तुझ्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, असते, खाली बारीक अक्षरात. ते म्हणाले, मला घेऊन चल. दिसणार नाही, पण ऐकेन तर खरं.

तू दहा वर्षांची असल्यापासून त्यांच्यासमोर बसून हस्तलिखितं मोठ्यानं वाचायचीस आणि ते छापलेला कागद ताडून पाहायचे. मी वाचायला बसले की पाच मिनिटांत म्हणायचे, तू जा खेळायला. मला तुझा हेवा वाटायचा. आता वाटतं, तुझा आवाज त्यांच्या कानात तेव्हापासून बसलेला असणार.

तू नायकाची वहिनी झाली आहेस तो सिनेमा इथे लागलाय. रविवारी दुपारी नेते. या खेपेला मध्यंतरापर्यंत तरी जिवंत राहा म्हणजे झालं! लोभ आहेच, तो पत्रातून असाच पाझरू दे.

तुझी
ठकू

•

दि. ९ जानेवारी १९६७

चि. ठकूस,
ताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र आजच हाती आलं. अप्पांचं वाचून दुपारभर मेकअपच्या खोलीत आरशासमोर बसून होते. रंगवाला म्हणाला, बाई, पुसू नका, पुन्हा सगळं करावं लागेल.

त्यांना रविवारी घेऊन जाऊ नकोस. रविवार कालच होऊन गेला हे मला दिसतंय, तरी लिहिते. गेला नसलात तर थांब. त्या चित्रात माझं काम काही विशेष नाही. ऐकण्यासारखं तर मुळीच नाही. दोनदा चहाचा ट्रे घेऊन येते, एकदा रडते. पुढे एखादं बरं काम येईल तेव्हा मी स्वतः कळवीन. त्यांनी विचारलं, यातच मला सगळं मिळालं. एवढ्यावर थांबू दे.

कारण विचारू नकोस. तू मास्तरीण आहेस, कारण विचारल्याशिवाय राहवणार नाही तुला, पण राहा. आज सकाळपासून पाच तास एका जिन्याच्या पायरीवर हात कठड्याला लावून उभी होते. नायिका वर जाते, मी खालून तिच्याकडे बघते, एवढंच. हात बधिर झाला म्हणून अक्षर असं आलंय.

अप्पांच्या तब्येतीचं सविस्तर कळव. माझ्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी
ताई

•

दि. ११ जानेवारी १९६७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन दिवस उशिरा पोचलं. आम्ही रविवारी जाऊन आलो. आता काय झालं ते लिहिते, आणि मला कारण विचारायचंच आहे.

अप्पांना पुढून सातव्या रांगेत कडेला बसवलं. धुवून इस्त्री केलेला सदरा घातला होता, दाढी केली होती. सिनेमा सुरू झाल्यापासून मान जराशी वाकडी करून ऐकत होते. तू आलीस. हिरव्या पडद्यापाशी उभी राहून नायकाला समजावतेस, तो प्रसंग. मी त्यांचा हात दाबला. मध्यंतरात म्हणाले, ती कधी येणार? मी म्हटलं, अप्पा, आली की, वहिनी तीच. त्यांनी हात काढून घेतला.

मग घरी आलो. दारात आल्यावर म्हणाले, ती आपली नाही. मी हसले, म्हटलं, मी या डोळ्यांनी पाहिली ना! तेव्हा ते जे बोलले ते मला लिहवत नाही, तरी लिहिते. म्हणाले, ठके, ती कधी गेली? किती वर्षं झाली? मला वाईट वाटेल म्हणून तुम्ही लपवलंत, होय ना?

मी शपथा घेतल्या. तुझी पत्रं पेटीतून काढून आणली, वाचायला लागले. म्हणाले, तू काहीही वाचशील, अक्षर मला कुठे दिसतंय? दोन दिवस नीट जेवलेले नाहीत. खुर्ची खिडकीपासून फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलेत. काल शेजारच्या कंपाउंडरांना विचारत होते, माझी मोठी मुलगी वारल्याचं तुम्हाला कळलं होतं का.

ताई, काय आहे हे? मीही तुझे किती सिनेमे पाहिले. तुझा आवाज जरा निराळा लागतो हे मला जाणवायचं, पण मला वाटायचं, यंत्रातून येताना तसा होत असेल. समोर तू दिसत असताना मी कानांचं कशाला ऐकू? लगेच लिही. खरं लिही.

तुझी
ठकू

•

दि. १४ जानेवारी १९६७

चि. ठकूस,
अ. उ. आ.

अप्पांनी ओळखलं. तो आवाज माझा नाही.

त्या चित्रात नाही आणि त्याआधीच्या सोळा चित्रांतही नाही. पहिल्या चित्राच्या वेळी दिग्दर्शक म्हणाले होते, चेहरा छान आहे, पण हिच्या हिंदीला घरचा वास येतो. तेव्हा दुसऱ्या एका बाईंना बोलावलं. चित्र पुरं झालं की काळोख्या खोलीत माझा एकेक तुकडा पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरवतात, त्या माझ्या ओठांकडे बघत माझी वाक्यं बोलतात. तीच पद्धत पडून गेली. सेटवर मी बोलते, रडते, ओरडते. त्यातलं काहीच लोकांपर्यंत जात नाही. फक्त तोंड हललेलं जातं.

तुला सांगायला हवं होतं. पण तू पहिल्या चित्रानंतर लिहिलं होतंस की अख्ख्या शिक्षकखोलीला घेऊन गेले आणि तू बोलायला लागलीस तशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानंतर कोणत्या तोंडानं सांगणार? एकदा राहिलं ते राहिलंच.

वीस तारखेला येते. दोन दिवसांची सुट्टी मागून घेतली. मिळाली म्हणण्यापेक्षा, माझ्या जागी दुसरी कुणी ट्रे धरणार आहे. अप्पांना सांगू नकोस. सांगितलंस तरी पटायचं नाही.

तुझी
ताई

•

दि. २ फेब्रुवारी १९६७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. अप्पा दोन वेळा जेवतात. खुर्ची पुन्हा खिडकीशी आहे. तू गेल्यापासून अप्पा कंपाउंडरांकडे तीनदा जाऊन आले, मुलगी जिवंत आहे हे कळवायला. कंपाउंडर म्हणतात, अभिनंदन!

तू दारात उभी राहून फक्त अप्पा म्हणालीस आणि ते खुर्चीतून उठताना टेबलावरची पाण्याची लोटी सांडली, ते मी जन्मभर विसरणार नाही. पण मला लिहायचंय ते दुसऱ्या दिवशीचं. तू सगळं सांगितल्यावर ते म्हणाले होते, तू बोलायला म्हणून घर सोडलंस आणि तिथे मुकी होऊन राहिलीस? मला ते फार कठोर वाटलं. नऊ वर्षांनी आलेल्या लेकीला असं बोलतात का? तू उठून मोरीत जाऊन तोंड धुतलंस. मला वाटलं, आता पुन्हा नऊ वर्षं.

तू गेल्यावर मी त्यांना तसं बोलले. ते म्हणाले, मी तिला दोष नाही दिला. तिचा आवाज मी घडवलाय, जोडाक्षर न् जोडाक्षर. तो कुणी फेकून देतं म्हणजे काय? त्यांना राग तुझा नव्हता, ताई. हे तुला कळवायचं म्हणून आज रजा टाकून लिहायला बसले. तुला वाटेल तसा अर्थ घे, पण सरळ घे.

तुझी
ठकू

•

दि. ३० मार्च १९६७

चि. ठकूस,
अ. उ. आ.

दोन महिने पत्र नाही म्हणून रागावली असशील. एक चांगली गोष्ट केली आणि तिच्यात एक वाईट गोष्ट करून बसले, म्हणून हात उचलत नव्हता.

तुझं पत्र वाचलं आणि मी हट्टाला पेटले. हातातल्या तिन्ही चित्रांच्या निर्मात्यांकडे जाऊन सांगितलं, यापुढे माझं मी बोलेन. दोघे हसले, तरी बघू म्हणाले. तिसऱ्या चित्राचा दिग्दर्शक नवा, तरुण आहे. तो म्हणाला, मला तेच हवंय. त्यात मी आई आहे. मुलानं खून केलाय आणि आई कोर्टात उभी राहून त्याच्याविरुद्ध साक्ष देते. चार मिनिटांचं बोलणं, सलग. ठकू, मला आजवर एका वेळी दोन वाक्यांच्या वर मिळालेलं नाही.

आता वाईट ते. ज्या बाई माझा आवाज होत्या, त्यांना सगळे दीदी म्हणतात. त्यांचे यजमान स्टुडिओत वर माचाणावर दिवे लावायचे, तिथून पडले. सहा वर्षं अंथरुणात आहेत. दोन मुली शिकतायत. घर दीदींच्या आवाजावर चालतं, आणि त्या आवाजाला सर्वांत जास्त काम माझ्या तोंडामुळे मिळायचं. हे मला ठाऊक होतं. तरी निर्मात्यांकडे जाण्याआधी मी त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. त्यांना दारावरच्या पहारेकऱ्याकडून कळलं की तुम्हाला यायचं नाही.

मी त्यांच्या घरी गेले. त्या यजमानांची कूस बदलत होत्या. दुसऱ्या बाजूनं मीही हात लावला, तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, आवाज तुमचा तुम्ही परत नेलात, माफी कसली. आणि मग म्हणाल्या, पण असं बोललात तर पहिल्याच दिवशी काढतील. म्हणा बघू ते साक्षीचं. गेला महिनाभर मी रोज सकाळी त्यांच्याकडे जाते आणि त्या मला शिकवतात. आपल्याच पोटावर पाय देणारीला शिकवतात, ठकू. एकदाही टोचून बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी काय करावं? तू लहान असूनही मला तूच सांग.

तुझी
ताई

•

दि. ६ एप्रिल १९६७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अप्पांना वाचून दाखवलं. सगळं, काही न गाळता. मग म्हणाले, आधी विचारायला हवं होतं. तेवढंच.

मीही तेच म्हणेन. आणि वर हेही म्हणेन की आता मागे फिरू नकोस. तू ते काम सोडलंस तर दीदींची महिनाभराची मेहनत पाण्यात जाईल आणि काम त्यांना परत मिळेल असंही नाही. बाकीच्या दोन चित्रांत तूच सांग की दीदींनी बोलावं. त्या निर्मात्यांना तसंही तेच हवं असेल. हे एक तुझं तुला राहू दे. मला यापलीकडे सुचत नाही.

अप्पांनी तुझ्या साक्षीचा कागद मागवलाय. त्यांना तो ऐकायचाय. मी वाचणार म्हणजे काय होणार ते तुला माहीतच आहे. आम्हा दोघांचा जीव तुझ्यात आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी
ठकू

•

दि. १२ ऑगस्ट १९६७

चि. ठकूस,
अ. उ. आ.

झालं. आज माझं बोलणं यंत्रात भरलं.

तू म्हणालीस तसं केलं. बाकीची दोन चित्रं दीदींकडे परत गेली. कोर्टातलं मात्र मी बोलले. काळोख्या खोलीत मी पहिल्यांदाच उभी राहिले. समोर पडद्यावर माझंच तोंड. सतरा चित्रांत मी ते एवढं जवळून कधी बघितलं नव्हतं. पहिल्या चार खेपा वाया गेल्या, कारण मी स्वतःला बघत राहिले आणि बोलायचं विसरले. दीदी माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझा दंड धरला. श्वास घ्यायची जागा आली की दाबायच्या. सातव्या खेपेला सगळं एका दमात झालं. यंत्रावरचा माणूस काचेपलीकडून उठून उभा राहिला. दिग्दर्शक बाहेर निघून गेला. दीदी म्हणाल्या, हे चांगलं लक्षण असतं.

अप्पांना सांग, मोडकंतोडकं हिंदी बोलले नाही. घरचा वास असेल थोडा. तो राहू दिला.

चित्र नोव्हेंबरच्या सुरुवातीला लागेल. तेव्हा मी येईन आणि तिघं मिळून जाऊ. आजच्याएवढी मी घर सोडल्यापासून कधी मोकळी झाले नव्हते.

तुझी
ताई

•

दि. १६ ऑक्टोबर १९६७

ताईंच्या धाकट्या बहिणीस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

तुमची माझी ओळख नाही. ताई मला तुमची पत्रं वाचून दाखवतात, म्हणून तुम्ही मला परक्या नाही. माझं लहानपण हिंदी मुलखात गेलं, शाळा त्याच भाषेतली. मराठी आईकडून कानावर पडलेली. चुका होतील, त्या पोटात घाला.

ताई हे तुम्हाला कळवणार नाहीत, म्हणून मी कळवते. चित्र पुरं झाल्यावर वितरकांना दाखवलं. त्यांना आवडलं. एकच तक्रार केली. म्हणाले, साक्ष देणाऱ्या बाईंचा आवाज बदला, हा त्यांचा खरा आवाज नाही, लोकांना त्यांचा खरा आवाज माहीत आहे. दिग्दर्शक खूप भांडला. पण पैसा निर्मात्याचा. निर्मात्यानं मला बोलावणं पाठवलं.

मी गेले नाही. सरळ ताईंकडे गेले आणि सांगितलं की मी हे करणार नाही. त्या कपडे वाळत घालत होत्या. हातातला कपडा झटकून दोरीवर टाकला, चिमटे लावले आणि मग म्हणाल्या, तुम्ही नाही केलंत तर ते तिसरीच कुणी आणतील. माझं तर जाणारच आहे. जायचंच असेल तर ते तुमच्याकडे जाऊ दे. मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, मागच्या वेळी मी तुम्हाला विचारलं नव्हतं, या वेळी विचारते आहे, कराल का?

मी केलं. त्या दिवशी त्या माझ्याबरोबर आल्या होत्या. मी त्यांचा दंड धरायचे तसा त्यांनी माझा धरला. त्यांनी जे केलं होतं तसंच्या तसं करण्याचा मी प्रयत्न केला. तरी ते त्यांचं नाही, हे मला माहीत आहे.

आता वडिलांना चित्र ऐकायला न्याल तेव्हा त्यांना पुन्हा माझाच आवाज ऐकू येईल. गेल्या वेळी त्या आवाजामुळे त्यांना वाटलं होतं की मुलगी गेली. हे ताईंनी मला सांगितलं त्या दिवसापासून माझ्या मनातून जात नाही. त्या माणसाला मी दोनदा दुःख दिलं. त्यांना आधी सांगून ठेवा. आणि ते काय म्हणाले ते मला कळवा. वाईट म्हणाले असतील तर तेही कळवा. माझ्याबद्दल मनात किंतु ठेवू नये, एवढी विनंती.

आपली
दीदी

•

दि. ८ नोव्हेंबर १९६७

सौ. दीदींस,
ठकूचा सा. न. वि. वि.

तुमच्या पत्राचं उत्तर द्यायला इतके दिवस थांबले, कारण काय म्हणाले ते कळवा असं तुम्ही लिहिलं होतंत, आणि ते म्हणेपर्यंत मला कळवता येईना.

ताई शनिवारी आली. आल्या आल्या अप्पांसमोर बसून तिनं स्वतःच सांगितलं की तुम्ही ज्याची वाट बघताय ते त्यात नाही. अप्पा टेबलावर बोट फिरवत राहिले. एप्रिलपासून मी त्यांना तो साक्षीचा कागद इतक्यांदा वाचून दाखवलाय की मलाही पाठ झालाय. मला वाटलं, आता जायचं राहिलं. पण ते म्हणाले, तिकिटं काढ.

सोमवारी दुपारच्या खेळाला गेलो. फारशी गर्दी नव्हती. अप्पा मध्ये, आम्ही दोघी दोन बाजूंना. ताईनं डोक्यावरून शाल घेतली होती. कोर्टाचा प्रसंग आला. पडद्यावर ताई पिंजऱ्यात येऊन उभी राहिली, कठड्यावर हात ठेवले. आणि तुम्ही बोलायला सुरुवात केलीत त्याच क्षणी माझ्या शेजारून, अप्पांच्या पलीकडून, दुसरा आवाज आला. ताई त्यांच्या कानाशी वाकून बोलत होती. तिनं हे ठरवलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी नंतरही विचारलं नाही. पडद्यावरचं एक वाक्य, तेच इकडे तिचं, शब्दाला शब्द लागून. पहिल्यांदा हळू, मग तिला भान राहिलं नाही.

पुढच्या रांगेतला एक गृहस्थ मागे वळून म्हणाला, अहो बाई, गप्प बसा, आम्हाला ऐकू द्या. ताई थांबली नाही. त्यानं तिच्याकडे नीट बघितलं. मग पडद्याकडे बघितलं. पुन्हा तिच्याकडे. शाल डोक्यावरून खाली आली होती. त्यानंतर तो पडद्याकडे फिरलाच नाही. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून, तिच्याकडे तोंड करून, चार मिनिटं ऐकत बसला. त्याच्या बायकोनं त्याला कोपरानं ढोसलं, त्यानं तिलाही तिकडेच बघायला सांगितलं. माझ्या मुलाला मी जन्म दिला, खोटं मी जन्माला घालणार नाही, हे शेवटचं वाक्य आलं तेव्हा आमच्या आसपासची सातआठ माणसं मागे वळलेली होती. पडद्यावर न्यायाधीश काहीतरी बोलत होते, त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ताईला घाम फुटला होता. अप्पांनी तिचा चेहरा वगैरे चाचपला नाही, ते तसे नाहीत. खिशातला रुमाल काढून तिच्या बाजूला धरला, एवढंच.

खेळ संपल्यावर माणसं उठून गेली, आम्ही बसून राहिलो. मी मनातून घाबरले होते. दीदी, ते काय म्हणाले ते आता लिहिते.

म्हणाले, ती दुसरी तुझ्याच जागी श्वास घेते. तिनं तुला फार दिवस बघितलंय. ताई म्हणाली, नऊ वर्षं. मग त्यांनी विचारलं, तिचं नाव सिनेमाच्या सुरुवातीच्या पाटीवर येतं का? ताई म्हणाली, नाही. ते म्हणाले, तुझं तोंड तरी लोक ओळखतात. तिला तर रस्त्यात कुणी ओळखतही नसेल. मी मागच्या वेळी ती आपली नाही म्हणालो होतो, ते त्या बाईला कळलंय का? ताईनं मान हलवली, आणि त्यांना दिसत नाही हे लक्षात येऊन हो म्हणाली. त्यावर ते म्हणाले, मग ते मला तिच्यासमोर परत घ्यायला हवं.

ताई काल सकाळी परत गेली. तिला नव्या चित्रात पाच दिवसांचं काम आहे, पुन्हा आईचंच. बोलणार तुम्ही. त्याबद्दल तिच्या मनात आता सल नाही, असं ती म्हणाली. थोडा असेल, मी तिची बहीण आहे, मला कळतं. पण जाताना अप्पांनी तिला पुढच्या महिन्यात कधी येतेस असं विचारलं, आणि तिनं तारीख सांगितली.

तेव्हा तिच्याबरोबर तुम्ही यायचं. यजमानांजवळ दोन दिवस तुमच्या मुली राहतील, असं ताई म्हणते. आमचं घर दोन खोल्यांचं आहे, पण जागा होईल. अप्पांचा निरोप जसाच्या तसा देते: तिनं माझ्या मुलीची वाक्यं बोललेली मी ऐकली, वहिनीची, आईची. तिला म्हणावं, इथे येऊन तुझं तू काहीतरी बोल. काय बोलायचं ते कुणी लिहून देणार नाही. मी ऐकायला बसलोय.

आमच्या घरावर तुमचा लोभ जडावा, हे मागणं.

तुमची
ठकू